ध्यानात ‘मी’ नाहीसा झाला तो अनुभव, मेंदू, आणि ते परत का येत नाही

तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. थोडक्यात तुम्ही लिहिलंय ते असं, की दोन वर्षं रोज सकाळी ४० मिनिटं ध्यानाला बसताय, पाच महिन्यांपूर्वी एका बैठकीत १५-२० मिनिटं ‘मी’ नावाचं काही उरलंच नाही, पंख्याचा आवाज होता, उजेड होता, पण ऐकणारा-बघणारा कुणी सापडेना, रडू आलं आणि मग सगळं पहिल्यासारखं झालं. तेव्हापासून रोज तेच परत मिळवायची धडपड चालू आहे आणि मिळत नाहीये. उलट गेले काही आठवडे ऑफिसमध्ये बसल्या बसल्या सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं वाटतं, स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटतो. डॉक्टर मित्र म्हणतो हा मेंदूतला केमिकल लोचा, सत्संगातले लोक म्हणतात तुम्हाला साक्षात्काराची झलक मिळाली. यातलं खरं कोणतं, आणि पुढच्या महिन्यात १० दिवसांच्या शिबिराला जाऊ का, असं तुम्ही विचारलंय.

मी १९ वर्षं बसतोय, त्यातली शेवटची आठ वर्षं नवीन लोकांना बसायला शिकवतोय. मी डॉक्टर नाही, तुम्हाला समोर बघितलेलं नाही, तुमची झोप कशी आहे, घरात काय चाललंय, पूर्वी कधी मानसिक त्रास झाला होता का, हे मला माहीत नाही आणि उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे. तरी वाचून मला असं वाटलं की तुम्ही ‘खरं कोणतं’ विचारताय पण सलतंय ते ‘गेलं का’ हे. आणि या दोन्हींच्या खाली ती काच आहे, जी तुम्ही दोन ओळींत उरकलीत. मी तिथूनच सुरू करतो, कारण बाकीची चर्चा थांबू शकते, ही नाही.

अद्वैताचा अनुभव, म्हणजे ‘मी’ आणि जग अशी वाटणी न उरणं, आणि काचेचा अनुभव सांगताना जवळजवळ सारखे ऐकू येतात. दोन्हीत माणूस म्हणतो, "मी नव्हतोच तिथे." पण जरा खोलात जाऊन विचारलं की फरक कळतो. मी नेहमी एकच विचारतो, तेव्हा समोरची वस्तू जवळ आली होती की लांब गेली होती? त्या सकाळबद्दल तुम्ही लिहिलंय की पंख्याचा आवाज "बाहेर नव्हताच, इथेच होत होता". म्हणजे अंतर मिटलं होतं. ऑफिसबद्दल लिहिलंय की समोरचा माणूस बोलतोय पण जणू टीव्हीत बोलतोय. म्हणजे अंतर वाढलंय. पहिल्यात ‘मी’ गेला आणि जग राहिलं, चांगलं ठसठशीत राहिलं. दुसऱ्यात ‘मी’ कुठेच जात नाही, तो काचेमागे घाबरून बसलेला असतो आणि दर दोन मिनिटांनी स्वतःला तपासत असतो की मी अजून आहे ना, ठीक आहे ना.

या दुसऱ्या प्रकाराला मानसोपचारात डीपर्सनलायझेशन (स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं) आणि डीरिअलायझेशन (जग खरं न वाटणं) अशी नावं आहेत. तो कमी झोपेने होतो, ताणाने होतो, पॅनिकमध्ये होतो, गांजाने होतो, आणि हो, जास्त किंवा चुकीच्या पद्धतीने केलेल्या ध्यानानेही होतो. ध्यानाने कुणाला त्रास होऊच शकत नाही असं आपल्याकडे अनेकजण छातीठोकपणे सांगतात, ते खरं नाही. २०१७ साली जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन या संशोधकांनी वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेऊन भीती, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं असे अनुभव नोंदवून प्रसिद्ध केले, आणि त्यात फक्त नवशिके नव्हते, शिकवणारेही होते. मी स्वतः एक केस अगदी जवळून बघितली. माझ्याबरोबर बसणारा एकजण अँक्झायटीच्या गोळ्यांवर होता, एका शिबिरात शिकवणाऱ्याने त्याला सांगितलं की गोळ्या म्हणजे अहंकाराला दिलेला आधार आहे, त्याने त्या एका दिवसात बंद केल्या. तीन आठवड्यांत त्याची झोप पूर्ण गेली, घरच्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. आज तो बरा आहे पण त्याचं एक अख्खं वर्ष गेलं. त्या शिकवणाऱ्याबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून तुम्हाला सरळ सांगतो. काच रोज येत असेल, तासन्‌तास टिकत असेल, झोप तुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा आणि ध्यान करता हे त्यांना सांगा, लपवू नका. जीव नकोसा वाटण्यासारखे विचार येत असतील तर आजच दाखवा. यात साधना हरली असं काही नाही.

आता त्या सकाळी काय झालं असावं. त्यासाठी आधी एक करून बघा, मी नवीन लोकांना पहिल्याच दिवशी हे करायला लावतो. डोळे मिटा, एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून हात मांडीवर सोडा आणि एक बोटही न हलवता पाच-सात मिनिटं फक्त तळव्यांकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला डावा हात, उजवा हात, अंगठा, करंगळी सगळं वेगवेगळं कळतं. मग कडा पुसट व्हायला लागतात. थोड्या वेळाने एक ऊबदार, मुंग्या आल्यासारखा ढग उरतो आणि कोणता हात कोणाला शिवतोय हे शपथेवर सांगता येत नाही, शिवणारा आणि शिवलेला अशी वाटणीच राहत नाही. अंगठा जरा हलवा, क्षणात दोन हात परत हजर.

यात गूढ काही नाही. त्वचेतल्या स्पर्शाच्या नसा मुख्यतः बदल कळवतात, दाब तसाच राहिला की त्यातल्या बऱ्याच गप्प होत जातात, मग मेंदूकडे हाताची ताजी बातमी येत नाही आणि हाताचा नकाशा फिका पडतो. म्हणजे ‘माझा हात इथे संपतो’ ही आपल्याला ढळढळीत वाटणारी गोष्ट सतत ताजी करत ठेवावी लागते. १९९८ साली बॉटव्हिनिक आणि कोहेन यांनी याच्या उलटं करून दाखवलं. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवला, समोर रबरी हात ठेवला आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवत राहिले, तर थोड्याच वेळात लोकांना रबरी हात स्वतःचा वाटायला लागला. २००२ मध्ये ओलाफ ब्लांके यांच्या टीमने एपिलेप्सीच्या एका पेशंटच्या मेंदूत उजव्या बाजूला एका ठरावीक जागी सौम्य वीज दिली तर ती म्हणाली, मी वरून स्वतःला बेडवर पडलेली बघतेय. म्हणजे शरीर माझं आहे, मी अमुक ठिकाणी आहे, मी इथून बघतोय, हे सगळं घडत असतं, आणि घडणारी गोष्ट थांबूही शकते.

माझ्या समजुतीप्रमाणे त्या सकाळी तुमच्या बाबतीत हातांऐवजी बघणाऱ्याचा नकाशा फिका पडला. तो तुम्ही पाडला नाहीत, दोन वर्षं शांत बसण्याची सवय होती, त्या दिवशी काही मिळवायचं नव्हतं, आणि ते आपोआप झालं. याला ‘नुसता भास’ म्हणणं मला पटत नाही, कारण भासात जे नाही ते दिसतं. इथे उलट झालं, जे रोज कायमचं, घट्ट, डोळ्यांच्या मागे बसलेलं वाटतं ते तसं नाही हे दिसलं. आणि ते विज्ञानाला धरूनच आहे, विरोधात नाही.

मग डॉक्टर मित्र चुकला का? तो म्हणतो मेंदूत काहीतरी झालं. झालंच असणार. २००१ मध्ये मार्कस रायकल यांनी मेंदूच्या एका जाळ्याचं वर्णन केलं, डीफॉल्ट मोड नेटवर्क, आपण काही विशेष करत नसतो, स्वतःबद्दलच्या विचारांत भरकटत असतो तेव्हा ते जोरात असतं. २०११ मध्ये जडसन ब्रूअर यांच्या अभ्यासात अनुभवी ध्यान करणाऱ्यांमध्ये त्याच्या मुख्य भागांतली हालचाल नवशिक्यांपेक्षा कमी दिसली. तुम्ही त्या सकाळी स्कॅनरमध्ये असता तर कदाचित असंच काही दिसलं असतं. पण तुम्ही आत्ता हे वाचताय तेव्हाही मेंदूत हालचाल दिसेलच की, म्हणून समोरची अक्षरं खोटी ठरतात का? मेंदूत काय झालं हे कळल्याने जे दिसलं ते बरोबर की चूक हे ठरत नाही. तो निकाल वेगळा लावावा लागतो.

आणि स्कॅन म्हणजे काय तेही लक्षात घ्या. एफएमआरआय विचार मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल मोजतं, तेही काही सेकंद उशिरा. आत काय अनुभव आला हे शेवटी माणसाला तोंडानेच विचारावं लागतं. २००४ चा तो प्रसिद्ध बौद्ध भिक्षूंचा इईजी अभ्यास (डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजतात तो) सत्संगात नेहमी सांगितला जातो, गॅमा, म्हणजे वेगवान, लहरी वाढल्या वगैरे. त्यात १०,००० ते ५०,००० तास ध्यान केलेले आठजण होते, आणि ते करुणेचं ध्यान करत होते, ‘मी कोण’ शोधत नव्हते. शिवाय त्या वेगाच्या लहरींमध्ये डोक्याच्या स्नायूंचा गोंगाट मिसळू शकतो म्हणून त्या जपून वाचाव्या लागतात. अभ्यास महत्त्वाचाच आहे, पण त्यावरून अद्वैत सिद्ध झालं असं म्हणणाऱ्याने तो वाचलेला नसतो.

मोठा प्रश्न मात्र उघडाच आहे, हे खरं. मेंदूतल्या पेशी कशा काम करतात हे कळलं तरी ते ‘वाटतं’ का, आतून काही अनुभव का असतो, हा प्रश्न तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये ‘हार्ड प्रॉब्लेम’ म्हणून मांडला. १९९८ मध्ये न्यूरोसायंटिस्ट क्रिस्टॉफ कॉख यांनी त्यांच्याशी पैज लावली की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. २०२३ मध्ये कॉख यांनी जाहीरपणे हार मान्य केली आणि ठरल्याप्रमाणे वाइन दिली. म्हणून तुमचा मित्र "सगळं कळलंय, केमिकल आहे" म्हणत असेल तर तो त्याच्याच क्षेत्राच्या पुढे धावतोय.

पण सत्संगातले लोकही पुढेच धावतात. पैज हरली म्हणजे ‘चैतन्यच विश्व आहे’ हे जिंकलं असं होत नाही. सीमा जाणवली नाही यावरून सीमा नाहीच असं सिद्ध होत नाही, पाच मिनिटं हात दोन वाटले नाहीत तरी हात दोनच होते ना. भूल देताना थोडंसं प्रोपोफॉल शिरेतून जातं आणि काही सेकंदांत माणूस नाहीसा होतो, हे कुठल्याही साधकाने डोळ्यांआड करू नये. यावर वेदान्ताचं जुनं उत्तर आहे की गाढ झोपेतून उठल्यावर आपण म्हणतो "छान झोपलो, काहीच कळलं नाही", मग ते ‘काहीच नाही’ कुणाला कळलं? मला हा युक्तिवाद आवडतो, त्याने मला अनेक वर्षं आत बघायला लावलं. पण समोरचा म्हणू शकतो की ते तेव्हा कळलं नव्हतं, उठल्यावर घड्याळ आणि ताजेपणा बघून तुम्ही अनुमान काढलंत, आणि हे म्हणणं मला बसून खोडता आलेलं नाही. बघणाऱ्यामुळेच जग घडतं असं क्वांटम भौतिकशास्त्राच्या नावाने सांगणाऱ्यांचं तर सोडाच, तिथल्या ‘ऑब्झर्व्हर’ला, म्हणजे निरीक्षकाला, माणसाचं मन लागत नाही, यंत्राने मोजलं तरी चालतं.

भांडण होतं त्यात अर्धी चूक शब्दांची आहे असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात पेशंट शुद्धीवर आला, ती शुद्ध. आपण म्हणतो मला जबाबदारीची जाणीव झाली, ती जाणीव. आणि सत्संगात म्हणतात ते चैतन्य. इंग्रजीत तिन्हींसाठी एकच शब्द, कॉन्शसनेस, आणि वाद आपण त्या शब्दावर घालतो. तुमचा मित्र शुद्धीबद्दल बोलतोय, आणि शुद्ध मेंदूवर अवलंबून असते हे निर्विवाद. सत्संगातले लोक चैतन्याबद्दल बोलतायत, ती जगाच्या मुळाबद्दलची भूमिका आहे. तुम्हाला त्या सकाळी जे दिसलं ते मधलं आहे, जाणीव चालू होती आणि तिच्यात ‘मी’ सापडला नाही. एवढंच तुमचं स्वतःचं आहे. बाकी दोन्ही मतं उसनी आहेत, आणि ती न घेताही साधना चालते, माझी चाललीय.

आता ‘गेलं का’. तुम्ही लिहिलंय की रमण महर्षींना एकदाच झालं आणि कायम राहिलं, मग मला का नाही. १८९६ मध्ये मदुराईत, १६ व्या वर्षी, मृत्यूच्या भीतीतून त्यांना ते झालं हे खरं. पण त्यानंतर ते घर सोडून अरुणाचलाला गेले आणि कित्येक वर्षं जवळजवळ मौनात राहिले, हा भाग आपण गोष्ट सांगताना गाळतो. आणि १९५० मध्ये ते हातावरच्या कॅन्सरच्या गाठीने गेले, मुंबईत अद्वैत शिकवणारे निसर्गदत्त महाराज १९८१ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेले. शरीर शरीराच्या नियमाने चाललं. कायम राहणारी एक आनंदी अवस्था तुम्ही शोधत असाल तर या दोघांच्या आयुष्यातही ती तशी दिसत नाही.

मला स्वतःला साधनेच्या चौथ्या वर्षी एका शिबिरात सातव्या दिवशी असंच झालं होतं आणि मग तीन वर्षं मी त्याच्या मागे होतो. तीच वेळ, तीच बसायची जागा, तशीच मान, सगळं तसंच मांडून बसायचो आणि दर बैठकीला आत कुणीतरी दारात उभं असायचं, आलं का, आलं का बघत. मला शिकवणाऱ्या सरांकडे शेवटी गेलो, म्हटलं, "ते परत येतच नाही." ते म्हणाले, "कुणाला हवंय?" मला संताप आला, कारण हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. त्यांनी बघितलं आणि हळूच विचारलं, "आत्ता चिडलास ते कळतंय ना?" म्हटलं, "हो." "ते कळायला काही करावं लागलं का?" बाहेर कुठेतरी नळ गळत होता, थेंब, थोडा वेळ, थेंब. चिडचिड कळत होती, थेंब कळत होता, आणि कळण्यासाठी मी खरंच काहीही करत नव्हतो. सातव्या दिवशी जे होतं त्यातला आनंद इथे नव्हता, रडू नव्हतं, पण कळणं तेच होतं, तेवढंच विनासायास. तीन वर्षं मी आनंद शोधत होतो आणि कळणं सोबतच होतं.

यासाठी आपल्या भाषेचा मला फार उपयोग झाला. बघा ना, मला भूक लागली, मला राग आला, मला आठवलं, मला सुचलं, मला झोप लागली. आली कोण? भूक, राग, आठवण, झोप. ‘मी’ला नुसता ‘ला’ लागलाय, ती गोष्ट जिथे येऊन पोचते तो पत्ता म्हणून. भूक मी केली असं कुणी म्हणत नाही. तर बसल्यावर मनात ‘मी अस्वस्थ आहे’ असं उठलं की ते ‘अस्वस्थ वाटतंय’ असं ऐका, आणि मग जरा त्या पत्त्याकडे वळून बघा, हे येऊन पोचतंय कुठे? बहुतेकांना तिथे डोळ्यांच्या मागे थोडा ताण सापडतो, किंवा घशाशी आवळलेलं काहीतरी. छान. पण तो ताणही ‘मला जाणवला’, म्हणजे तोही येऊन पोचलेला, पत्ता नव्हे. याच्यापुढे शब्दांत उत्तर देऊ नका, दोन-तीन श्वास तसंच राहा, मग सोडून द्या. आणि ‘मला ते परत हवंय’ हे उठेल तेव्हा त्यालाही हेच करा, कारण हवंसं वाटणंही आलेलंच आहे, त्याला हाकलायची गरज नाही.

मात्र हे शोधणं सध्या लगेच करू नका, हे मुद्दाम सांगतो. काच असताना ‘मी कोण’ खोदत बसलं की काच जाड होते, हे मी एकापेक्षा जास्त लोकांमध्ये बघितलंय. पुढचे तीन-चार आठवडे बैठक १५ मिनिटांवर आणा, डोळे उघडे ठेवून, पाठ टेकवून. त्याऐवजी चाला, आणि चालताना तळपाय जमिनीला टेकतो तिथे लक्ष ठेवा, श्वासाकडे नको, विचारांकडे तर नकोच. रात्रीची झोप पूर्ण घ्या, पहाटेची बैठक झोप मोडून होत असेल तर ती बंद. ऑफिसमध्ये काच आली तर तिला तपासू नका, टेबलाची कड हाताने दाबा, समोरच्याला काहीतरी साधं विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐका.

शिबिराला पुढच्या महिन्यात जाऊ नका. दिवसाला दहा-दहा तास बसणं आणि मौन हे तुमच्या आत्ताच्या अवस्थेत फार होईल, आणि तुम्ही तिथे ते परत आणायला निघालाय, त्या हेतूने गेलेला माणूस जास्त जोर लावतो. सलग दोन-अडीच महिने काच आली नाही, झोप नीट राहिली, तर मग बघा, आणि फॉर्ममध्ये हा सगळा इतिहास लिहा. डॉक्टर मित्राशी झोपेबद्दल आणि काचेबद्दल बोला, ब्रह्म खरं की नाही यावर नको, त्यात तो तुम्हाला खरंच मदत करू शकेल. महिन्याभराने काच कशी आहे ते मला कळवा, ती गेली असेल तर त्या पत्त्याकडे बघणं कसं पुढे न्यायचं ते तेव्हा सविस्तर लिहीन.